चीनचं नौदल भारताच्या किती पुढे गेलंय? आपण त्याला गाठू का?

आकड्यांत फार पुढे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या हिशेबानं चीनकडे जहाजं-पाणबुड्या मिळून ३७० च्या वर. पण एक जहाज बांधायला किती वर्षं लागली ते बघा. आपल्या 'कोलकाता' या विनाशिकेची कील, म्हणजे तळाचा कणा, २००३ ला पडली, नौदलात आली २०१४ ला. त्याच २०१४ ला चीनची ०५२डी वर्गातली पहिली विनाशिका दाखल झाली. आज त्या पंचवीसहून जास्त आहेत. आपल्या कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गाच्या मिळून सात.

यावर माझा मेहुणा दर दिवाळीला म्हणतो, "दाजी, गोदीतले कामगार काम करत नाहीत." मी मुंबईच्या एका गोदीत ३१ वर्षं पाइप फिटर होतो. एका युद्धनौकेवर खाऱ्या पाण्याची लाइन आम्ही डबल ड्युटी करून ओढली. व्हॉल्व्ह परदेशातून यायचे होते, आले नाहीत. पाइपच्या जोडाला, म्हणजे फ्लँजला, ब्लँक (बंद झाकणं) मारून ठेवले. सव्वा वर्षानं व्हॉल्व्ह आले तेव्हा वरून केबल ट्रे गेले होते. ट्रे सोडवले, ब्लँक काढले, लाइन धुतली, परत प्रेशर टेस्ट. एकच काम दोनदा केलं, आणि बोल आम्हालाच.

चीनचा जोर व्यापारी जहाजांत आहे. जगातली निम्म्याहून जास्त तिथे बनतात, आपला वाटा एक टक्काही नाही. तिथला व्हॉल्व्हवाला मालवाहू जहाजांवर पोट भरतो, युद्धनौकेचे नग त्यातच निघतात. मेहुण्याची कोल्हापूरला फाउंड्री आहे. त्याला म्हटलं, तू ओत नौदलाचे व्हॉल्व्ह. म्हणाला, "गनमेटल म्हणजे तांब्याचा मिश्रधातू, त्याला भट्टी वेगळी, आणि चाळीस नगांत पॅटर्नचा, म्हणजे साच्याच्या नमुन्याचा खर्चही निघत नाही." मग आमच्या नावानं का ओरडतोस?

जहाजाचं पोलाद देशी मिळायला लागलं, तेव्हा याच मुंबईत 'सुरत' ही विनाशिका झाली. कील नोव्हेंबर २०१९, नौदलात जानेवारी २०२५. हात तसेच, वर्षं निम्मी.

हे मात्र खरं की 'कोलकाता' तिच्या वर्गातली पहिली होती, पहिलीला वेळ लागतोच. आणि चीनला ही सगळी जहाजं आपल्या अंगावर आणता येणार नाहीत. त्यांना तैवानकडे बघायचं असतं, आपल्या समुद्रात यायचं तर मलाक्कासारखी अरुंद सामुद्रधुनी ओलांडावी लागते. आफ्रिकेत जिबूतीला २०१७ पासून त्यांचा तळ आहे, तरी घर लांबच. संख्येत आपण गाठणार नाही. पण व्हॉल्व्ह, पंप, गिअरबॉक्स इथे बनले तर पाच वर्षांची चार होतील. मेहुण्याला मी परवाच परत विचारलंय, तीन गोद्यांची ऑर्डर एकत्र मिळाली तर भट्टी लावशील का. त्यानं अजून नाही म्हटलेलं नाही.