जुने पुशरॉड चालतील का?

प्रश्न: इंजिन बांधतोय. हेडचं फेसिंग (खालची बाजू घासून सपाट करणं) केलंय, कॅम (उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडणारा फिरता शाफ्ट) पुन्हा ग्राइंड करून आणलाय. टॅपेट (कॅमवर टेकून वर-खाली होणारे) हायड्रॉलिक, म्हणजे आत तेलावर हलणारा प्लंजर असलेले; रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे) स्टडवरचे. जुनेच पुशरॉड (टॅपेटची हालचाल रॉकरपर्यंत नेणारे दांडे) टाकू का?

उत्तर: नका टाकू, आधी मोजा. फेसिंगने हेड खाली येतं, म्हणजे रॉड आखूड हवा. ग्राइंड केलेल्या कॅमचा पायाचा घेर (उंचवट्याखेरीजचा गोल भाग) लहान होतो, म्हणजे लांब हवा. दोन्ही एकमेकांना फेडतील असं धरून चालणं मला पटत नाही.

लांबी कमी-जास्त होणारा तपासणीचा पुशरॉड घ्या. ज्या जाडीचं गॅस्केट शेवटी बसणार तेच लावून हेड आवळा. व्हॉल्व्हला मूळ स्प्रिंगऐवजी हलकी स्प्रिंग घाला, नाहीतर टॅपेटचा प्लंजर दबेल आणि माप खोटं येईल. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई फासा, रॉकरची ढिलाई शून्य करा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. आता रॉकर काढून टोक नीट पाहा. शाई पुसून उमटलेला पट्टा जितका अरुंद, तितकी रॉकरची भूमिती (व्हॉल्व्हवर टेकण्याचा कोन) बरोबर. पट्टा मध्यावर हवा हे खरं, पण मध्यावरच्या रुंद पट्ट्यापेक्षा किंचित बाजूचा अरुंद पट्टा मी केव्हाही पत्करेन. लांबी थोडी थोडी बदलून पुन्हा शाई लावा. इथे घाई करू नका.

मिळालेल्या लांबीत टॅपेटचा प्रीलोड (प्लंजर आधीच जितका दाबून ठेवायचा ते अंतर) मिळवा. तो बहुधा अर्धा ते दीड मिलिमीटर असतो; टॅपेटसोबतचा आकडाच धरा. ऑर्डर देताना विक्रेता लांबी कुठून कुठे मोजतो ते विचारा, कारण टोकाच्या तेलाच्या भोकामुळे मापात फरक पडतो.