मत्स्यालयात ४ वर्षांच्या मुलाला स्टिंगरेला हात लावू द्यावा का? डंख मारला तर?

द्या की! हात लावूनच थांबू नका, खाऊही घालू द्या.

मी मालवणजवळच्या देवबागचा. आमच्याकडे रापणीच्या जाळ्यात पाकट, म्हणजे हाच स्टिंगरे, आलं की आधी शेपटी तोडतात, बाकीचं मग. त्यामुळे फ्लोरिडातल्या एका मत्स्यालयात लेकीला उथळ टाकीशी उभं केलं, तेव्हा भ्यायचं कशाला आणि कशाला नाही हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण सोबत आमचे साडू होते. कोळंबीची वाटी हातात पडायच्या आत त्यांचं सुरू, "अहो, स्टीव्ह आयर्विन कशानं गेला?" टीव्हीवर मगरी हाताळणारा तो आयर्विन गेला २००६ साली, ऑस्ट्रेलियात, खुल्या समुद्रात, भल्यामोठ्या पाकटाच्या वर पोहताना. इथे टाकीत काऊनोज जातीची पाकटं, आणि त्यांचे शेपटीवरचे विषारी काटे तिथली माणसं वेळोवेळी छाटतात. काटा पुन्हा वाढतो, पुन्हा छाटतात. एवढं सांगितलं तर म्हणे, "तुम्ही मासेखाऊ, तुम्हाला काय!"

लेकीनं ऐकलं नाही ते बरं. कोळंबी दोन बोटांच्या बेचक्यात धरायची, अंगठा आत दडवायचा, हात पाण्याखाली सपाट. पाकटाचे डोळे वर आणि तोंड पोटाकडे, त्यामुळे ते घास बघून येत नाही, वासावर येतं, अख्खं अंग हातावरून नेतं आणि कोळंबी ओढून घेतं. टोकदार दात नाहीत, शिंपले चिरडायच्या सपाट पट्ट्या आहेत. बोट त्यात सापडलं तर चेमटतं, म्हणून अंगठा आत. पोरगी किंचाळली, हसली, पुन्हा वाटी मागायला लागली. साडू लांबून व्हिडिओ काढत होते. तोच व्हिडिओ घरच्या ग्रुपवर त्यांनीच मिरवला!

पाकट अंगावर धावून येत नाही. त्याच्यावर पाय पडला तर काटा मारतं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर लोक पाण्यात वाळूवरून पाय घासत चालतात ते यासाठीच, चाहूल लागली की ते निघून जातं. लागलाच काटा, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. साडू हळद सांगतात.

हां, हाताचं सनस्क्रीन आधी धुवा, त्यांच्या अंगावरच्या बुळबुळीत थराला ते बाधतं. हाताला जखम असेल तर नको. पाठीवरूनच हात फिरवा, शेपटी धरू देऊ नका. आणि माशांच्या बाजूनं विचाराल तर सगळं गोड नाही. २०१५ मध्ये शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात अशाच टाकीतला ऑक्सिजन घटून ५४ पाकटं मेली. साडूंनी हे काढलं असतं तर मी गप्प बसलो असतो. त्यांना आयर्विनच हवा.