‘डॉक्टर हू’चे सुरुवातीचे भाग पाहणाऱ्यांसाठी
२३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या काळप्रवासावरच्या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचे कृष्णधवल भाग तुम्ही प्रथमच पाहणार असाल, तर एका बैठकीत अख्खी कथा संपवण्याचा आग्रह धरू नका, सुमारे २५ मिनिटांचे हे भाग आठवड्याला एक या हिशेबाने लिहिलेले असल्यामुळे सलग पाहताना त्यांतील पुनरुक्ती खटकते. पहिला भाग मात्र चुकवू नये. लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी तो दिग्दर्शित केला असून, भंगाराच्या आवारातल्या निळ्या पोलीस बॉक्समध्ये (पोलिसांच्या टेलिफोन-खोक्याच्या रूपातले डॉक्टरचे कालयान) शिरताच समोर येणारे प्रशस्त दालन आजही चकित करते. पुढचे आदिमानवांचे तीन भाग (माझ्या मते रटाळच) निदान एका दृश्यासाठी पाहावेत: जखमी माणूस समोर पडलेला असताना विल्यम हार्टनेल यांनी साकारलेला डॉक्टर, म्हणजे मालिकेचा कालप्रवासी नायक, दगड उचलतो आणि त्याच्यासोबत आलेला शिक्षक इयान त्याचा हात धरतो. नंतर इतर नटांनी साकारलेल्या डॉक्टरांची दयाळू प्रतिमा मनात ठेवून या तुसड्या म्हाताऱ्याकडे पाहिले, तर निराशाच पदरी पडेल. त्यानंतर डालेकांची (यंत्रकवचातल्या परग्रहावरच्या शत्रूंची) सात भागांची कथा घ्यावी. ‘मार्को पोलो’ या चौथ्या कथेचे चित्रीकरण उपलब्ध नसले, तरी प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रित केलेला आवाज शिल्लक आहे. ती स्थिरचित्रांच्या जोडीने ऐकावी.