फोन एकच, तोपण पोराकडं

प्रश्न : आम्ही जत तालुक्यातले. सासूबाईंना शुगर निघाली. पुण्याची जाऊबाई इंग्लिशमधून सगळं शोधून डॉक्टरला बरोबर प्रश्न विचारती, आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर काय येतं तर कडू काढा प्या, गोळ्या बंद करा. स्मार्टफोन एकच, तोपण पोराकडं. आम्हीच अडाणी का? आणि काढा द्यायचा का?

उत्तर : अडाणी कशाला ताई, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात १५ ते ४९ वयातल्या शंभरात ५७ पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं आणि बायका फक्त ३३, म्हणजे घरात फोन असून बाईच्या हातात नसतो हे घरोघरचंच आहे (आणि पोरगं रात्री त्यावर गेम खेळतं ते वेगळंच). त्यात इंग्लिशमध्ये शोधलं तर मोठ्या हॉस्पिटलांची माहिती सापडते, मराठीत टाकलं की घरगुती उपायांचे व्हिडिओच जास्त, मग जाऊबाई हुशार दिसणारच की!

गोळ्या मात्र डॉक्टरला न विचारता अजिबात बंद करू नका. काढ्याचंपण त्यांनाच विचारा, कारण गोळी आणि काढा दोन्ही चालू ठेवलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, मग घाम, थरथर, चक्कर.

आणि स्मार्टफोनच पाहिजे असं काय नाही, १०४ ही सरकारी हेल्पलाइन साध्या फोनवरून लागते. उपकेंद्रातल्या मॅडमना ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरशी बोलणं करून द्या म्हणा, फुकट आहे. कधी कोण बसतं ते आशाताईंना ठाऊक असतं. जाताना गोळ्यांची पाकिटं आणि तो मेसेज, दोन्ही घेऊन जा.