बटणवाली हार्मोनिका घेताय? आधी हवा कुठे गळते ते बघा

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो की क्रोमॅटिक हार्मोनिका, म्हणजे बटणवाला माऊथऑर्गन, घेताना लोक होल मोजतात, चकाकी बघतात आणि बघायचं तेच नेमकं राहून जातं. त्यावर बरीच पत्रं आली. दोघांनी मला रागावलंयसुद्धा, चालायचंच. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतोय.

प्रश्न: सर, मी आठ वर्षं २४ होलचा साधा ट्रेमोलो माऊथऑर्गन वाजवतोय, सगळं कानाने, शिकलो कुणाकडेच नाही. शुद्ध स्वरांची गाणी मस्त जमतात पण मध्येच कोमल ग किंवा तीव्र म आला की गाडी अडते. क्रोमॅटिक घेतली तर हे सुटेल का, की सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल?

उत्तर: गाडी अडते कारण तो सूर तुमच्या बाज्यात ठेवलेलाच नाही, त्यात तुमची काही चूक नाही. ट्रेमोलोत एकाच सुराच्या दोन रीड, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, एकमेकींपेक्षा किंचित वरखाली लावलेल्या असतात, तो थरथरता गोडवा तिथून येतो. क्रोमॅटिकचा आवाज सरळ असतो, तो थरथराट मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर मला बोल लावू नका.

आता सूर कुठे असतात ते बघा. C ची हार्मोनिका धरा आणि C ला सा माना, म्हणजे आपली पांढरी एक. पहिल्या चार होलमध्ये फुंकलं की सा, ग, प आणि वरचा सा. ओढलं की रे, म, ध, नी. पाचव्या होलपासून हेच चित्र पुन्हा, नवव्यापासून परत तेच. उजव्या टोकाचं बटण दाबलं की जो सूर वाजत होता तो अर्ध्या सुराने चढतो. पहिलं होल बटण दाबून फुंका, कोमल रे. तेच ओढा, कोमल ग. दुसरं बटण दाबून ओढा, तुमचा तीव्र म आला. तिसऱ्यात फुंकून कोमल ध, ओढून कोमल नी. झालं, बाराच्या बारा सूर हातात.

एक गंमत आहे यात. चौथ्या होलला फुंकून सा आणि पाचव्यालाही फुंकून तोच सा, शेजारी शेजारी. शिवाय चौथ्यात बटण दाबून ओढलं तर नी चढून पुन्हा सा. एकच सूर तीन ठिकाणी, त्यामुळे पहिला महिनाभर डोकं फिरतं आणि पुढे जलद तानेत तेच कामाला येतं कारण श्वास उलटा न करता सा गाठता येतो. आणि बटण दाबूनच ठेवलं तर अख्खी पट्टी पांढरी एकवरून काळी एकवर जाते, होल बदलायची भानगडच नाही.

पहिल्यापासून शिकावं लागेल का, तर थोडं लागेल. ट्रेमोलोवर फुंकायचा आणि ओढायचा सूर वेगवेगळ्या घरात असतो, इथे एकाच होलमध्ये दोन्ही. तोंड कमी सरकतं आणि श्वास जास्त बदलतो. आठ वर्षांचा कान मात्र फुकट जात नाही.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, पहिलीच हार्मोनिका घेणारे. १०, १२ की १६ होल? सगळे म्हणतात एकदाच मोठी घेऊन टाक म्हणजे परत घ्यायला नको.

उत्तर: सगळे म्हणतात तेच मीही ऐकलं होतं. पहिली घेतली तीच १६ होलची, ६४ रीडवाली, दोन्ही हातात धरली तरी वजन जाणवायचं आणि मला फार मोठा वादक झाल्यासारखं वाटायचं. नाकापेक्षा मोती जड. १६ होलमध्ये मंद्र सप्तक जास्तीचं मिळतं खरं, पण त्या रीड लांब आणि जड, हळू उठतात, हवा मागतात. संथ गाण्याची एक ओळ पुरी व्हायच्या आत माझा दम संपायचा. मला वाटलं फुप्फुसंच कमजोर आहेत, सकाळी पळायला जायला लागलो. दोन महिन्यांनी वैतागून कव्हर उघडलं तर आत तीन व्हॉल्व्ह वर वळलेले. व्हॉल्व्ह म्हणजे नखाहून अरुंद प्लास्टिकची पातळ पट्टी, एक टोक चिकटवलेलं आणि दुसरं मोकळं, रीडच्या फटीवर सपाट पडून राहणारी. ती माझी टोकं वाळलेल्या पानासारखी उभी राहिली होती आणि सगळी हवा तिथून पळत होती. पळायला गेलो ते तब्येतीला बरं झालं एवढंच.

तर तू १२ होलची घे, ४८ रीड, तीन सप्तकं, C मध्ये. पियानोच्या मधल्या C पासून सुरू होते आणि सुरुवातीच्या काय, पुढच्या कित्येक वर्षांच्या गाण्यांनाही पुरते. तूट्स थिलेमान्स (१९२२–२०१६) हा बेल्जियन माणूस जन्मभर जॅझ वाजवत राहिला तो मुख्यतः १२ होलवरच. खालचे सूर हवेच असतील तर पुढे १२ होलचीच टेनर C मिळते, ती एक सप्तक खाली असते. १० होलची वाईट नाही, फक्त वरचं सप्तक अर्धवट तुटतं. आणि एक जपून, १० होलची बिनबटणाची डायटॉनिक असते, ब्लूजवाली, २० रीडची, ती हौसेने घेऊन येशील आणि बटण शोधत बसशील. खोक्यावर क्रोमॅटिक लिहिलंय का ते वाच.

प्रश्न: लाकडी बॉडी चांगली की प्लास्टिक? जाणकार म्हणतात लाकडाचा आवाज गोड. आणि कंपनी कोणती?

उत्तर: गोडव्यावरून लोक भांडतात, मी त्या भांडणात पडत नाही. मला एवढंच कळतं की लाकूड ओलं झालं की फुगतं, सुकलं की आक्रसतं, आणि आपण त्यात दिवसभर ओला श्वास सोडत असतो. फुगून-आक्रसून भेग पडली की एका खणातली हवा शेजारच्या खणात जाते, मग आवाज गोड असो नाहीतर कडू. म्हणून पहिल्या हार्मोनिकेला प्लास्टिक बॉडी, आणि रीड ज्यावर बसवतात त्या प्लेट खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवलेल्या. खिळेवाली उघडताना धडधड होते, स्क्रूवाली कुणीही खोलतो.

होनर ही १८५७ सालची, जर्मनीतल्या ट्रोसिंगेनची. तिची सुपर क्रोमोनिका २७० सगळ्यांना माहीत असते, पेअरच्या लाकडाची, जुनीला खिळे आणि डिलक्सला स्क्रू. तिचीच सीएक्स-१२ दिसायला खेळण्यासारखी, पण हत्याराशिवाय हाताने उघडते, धुवायला इतकी सोपी दुसरी मी पाहिली नाही. जपानच्या सुझुकीची एससीएक्स-४८ प्लास्टिकची आहे, तीही बरी. झायडल होनरहून जुनी, क्लिंगेनथालची, १८४७ सालची, त्यांच्याकडे स्टीलच्या रीड मिळतात, बाकी बहुतेकांच्या पितळी. स्टील टिकतं जास्त, पैसेही तसेच जातात. हल्ली व्हॉल्व्ह नसलेल्या क्रोमॅटिकही निघाल्यात, व्हॉल्व्हचं झंझट नाही पण फिटिंग तितकं नेमकं लागतं आणि हवा जरा जास्त लागते. ती दुसरी म्हणून घ्या.

अगदी स्वस्तातली अनोळखी नावाची मात्र घेऊ नका. हात आखडता घ्यायचा तर मोठ्या कंपनीचं साधं मॉडेल घ्या, सुटे भाग तरी मिळतात.

प्रश्न: दुकानात काय तपासायचं? दुकानदार तोंडाला लावू देत नाही, भात्याने वाजवून दाखवतो.

उत्तर: त्याचं बरोबरच आहे, तुम्ही तरी दुसऱ्याने तोंड लावलेली घ्याल का? भात्यावर रीड वाजतेय की नाही तेवढं कळतं. खरी परीक्षा घरी, म्हणून बदलून मिळेल का ते पैसे देण्याआधी विचारा, तोंडाची वस्तू बरेचजण परत घेत नाहीत.

घरी आल्यावर पंधरा मिनिटं काढा. एकेक होल, फुंका, ओढा, मग बटण दाबून फुंका, बटण दाबून ओढा. १२ चोक ४८. आणि हळू, कुजबुजल्यासारखं. जोरात फुंकलं तर भिकार हार्मोनिकासुद्धा ओरडते आणि चांगलीच्या खालच्या रीड दबून गप्प होतात, काहीच कळत नाही. पहिल्या होलचा सा अगदी बारीक श्वासावर उठला पाहिजे आणि एका श्वासात आरामात लांबला पाहिजे. शेजारच्या होलपेक्षा एखादं फार हवा खात असेल तर आत व्हॉल्व्ह गेलाय. बटण सोडल्यावरचे सूर छान आणि दाबल्यावरचे सगळेच फुसके असतील तर दोष स्लाइडरचा, म्हणजे बटणाने आत सरकणाऱ्या पट्टीचा. बटण दाबून सोडलं की खट्कन परत यायला हवं, रेंगाळता कामा नये.

सूर तपासायला पहिलं आणि चौथं होल एकदम फुंका, मधली दोन जिभेने झाकून. सा आणि वरचा सा. दोन्ही एकजीव वाटले तर छान, वॉव-वॉव अशा लाटा आल्या तर एक रीड उतरलीय. ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं यंत्र, लावून बघणारे घाबरतात कारण काटा जरा वर जातो, बऱ्याच कंपन्या A हा सूर ४४० हर्ट्झऐवजी ४४२ च्या आसपास लावतात, तो दोष नाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका. मुलाने क्रोमॅटिक भेट दिली. थंडीत काही सूर पट्-पट् करतात, कधी गुणगुणतात, कधी उमटतच नाहीत. दुपारी आपोआप बरे होतात. रिपेअरवाला म्हणाला व्हॉल्व्ह बदला. बदलू का?

उत्तर: बाई, थांबा, पैसे देऊ नका. तुमच्याच पत्रात उत्तर आहे, दुपारी बरी होते. गार पत्र्यावर गरम श्वास पडला की गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तसं आत दव धरतं. त्या ओलाव्याने व्हॉल्व्ह प्लेटला चिकटतो, सुटताना पट् म्हणतो. वाजवण्याआधी दहा मिनिटं हार्मोनिका काखेत किंवा शालीत धरून बसा, अंगाइतकी ऊब आली की बहुतेक पट्-पट् बंद. हीटरवर किंवा उन्हात ठेवू नका, प्लास्टिकच्या पट्ट्या वाकतात. वाजवून झाल्यावर होल खाली करून तळहातावर हलके आपटा आणि लगेच डबीत कोंडू नका, थोडी सुकू द्या. चहा किंवा गोड खाऊन वाजवायचं तर आधी चूळ भरा. साखर स्लाइडरवर सुकते आणि बटण चिकटतं. चिकटलंच तर माऊथपीसच्या फटीत पाण्याचा एक थेंब सोडून बटण दहा-वीस वेळा मारा. ऊब देऊनही तोच एक सूर रोज अडत असेल, तर मात्र तेवढा एकच व्हॉल्व्ह बदला. सगळे नाही.

प्रश्न: ओळखीतला एकजण जुनी हार्मोनिका निम्म्या किमतीत देतोय. घ्यावी?

उत्तर: तो कसा वाजवायचा ते आठवा. जोरात फुंकणारा असेल तर रीड थकलेल्या असतात, सूर उतरत जातो आणि शेवटी रीड मुळाशी तुटते. शिवाय सगळी खोलून धुवावी लागेल. त्या मॉडेलच्या रीड प्लेट वेगळ्या विकत मिळतात का ते आधी बघा, मिळत असतील तर त्यांची किंमत धरून हिशोब करा. बहुतेक वेळा नवीच परवडते.

प्रश्न: वय ६८, वरची कवळी आहे, मिशाही आहेत. जमेल का?

उत्तर: आजोबा, दातांचा यात काही संबंध नाही, काम ओठांचं आणि जिभेचं. कवळी घट्ट बसत असेल तर पुरे, ओढताना हलायला नको. मिशांचं मात्र बघा, कव्हर आणि माऊथपीसच्या फटीत केस अडकतो आणि बाजूला सरकलं की असा ओढला जातो की डोळ्यांत पाणी येतं. वरच्या ओठावर थोड्या कापून घ्या.