'खोटी साक्ष देऊ नकोस' ही बायबलमधल्या दहा आज्ञांतली नववी आज्ञा फक्त कोर्टापुरती आहे का? रोजच्या आयुष्यात थोडं खोटं चालतं ना?

आज्ञा मुळात न्यायनिवाड्यातलीच. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा 19वा अध्याय काढा: दोन-तीन साक्षीदार हवेत, आणि साक्षीदार खोटा निघाला तर त्याने दुसऱ्यावर जे आणायचं ठरवलं तेच त्याच्यावर. पण 'तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही' हे येशूने डोंगरावर जमलेल्या साध्या माणसांसमोर सांगितलं, वकिलांना नाही. (तुमची नववी ती आम्हा कॅथलिकांची आठवी. मोजायची पद्धत वेगळी, एवढंच.)

मी वसईचा. आमच्या वाडीत बावखल, म्हणजे शेती-बागेच्या पाण्याचं छोटं तळं, होतं, आमच्या आणि शेजाऱ्यांच्या केळींना पाणी त्याचंच. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी त्यातच पोहायला शिकलो. काकांनी एका मे महिन्यात डंपरने माती टाकून ते बुजवलं. बिल्डर आधीच ठरला होता. शेजारी कोर्टात गेले, तर काकांचं म्हणणं, तिथे बावखल कधी नव्हतंच, पावसाचं पाणी साचायचा खड्डा होता.

शेजाऱ्यांनी साक्षीला मला बोलावलं. आदल्या रात्री चुलतभाऊ घरी आला. म्हणाला, "खोटं बोल असं कोण सांगतंय? नुसतं 'आठवत नाही' म्हण."

सिनेमातल्यासारखा बायबलवर हात वगैरे नसतो. ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणायचं आणि उभं राहायचं. काकांच्या वकिलाने विचारलं, खड्डा नव्हता तर उतरायचात कसे? म्हटलं, दगडी पायऱ्या होत्या, सात, त्यातली सहावी तुटकी. काका समोरच बसले होते. माझ्या लग्नाला त्यांच्या घरातून कुणी आलं नाही. निकाल लागेपर्यंत इमारतही उभी राहिली.

चुलतभाऊ अजून म्हणतो, गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे. मग त्याने बायबलातली नाबोथाची गोष्ट नीट वाचावी. राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, तो देईना, म्हणून राणी ईजबेलने त्याच्यावर खोटा आरोप रचून त्याला दगडांनी मारवलं. द्राक्षमळ्यासाठी खोटं बोलणारे दोघेच होते. पण ईजबेलची पत्रं गावच्या वडीलधाऱ्यांना गेली होती, आणि त्यांनी मुकाट्याने सभा भरवली. मळा राजाला मिळाला तो त्यांच्यामुळे. आठवत असताना 'आठवत नाही' म्हणणारा त्याच सभेत बसलेला असतो.

आता कुणीतरी मिसरातल्या सुइणी काढणार. इब्र्यांचे मुलगे जन्मताच मारा, असा मिसरच्या राजाचा, फारोचा हुकूम होता; शिप्रा आणि पुवा या सुइणी त्याच्याशी खोटं बोलल्या, मुलगे वाचवले, आणि देवाने त्यांचं भलं केलं. जुने ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टिन तेवढीही सूट देत नाहीत. मी एवढा कडक नाही, जीव वाचवायला बोललेलं वेगळं. फ्लॅट विकायला बोललेलं त्यात बसत नाही.

एक मात्र सांगायला हवं. कॅथलिक धर्मशिक्षणात ह्याच आज्ञेखाली असंही येतं की, दुसऱ्याचा खरा दोषही कारण नसताना चारचौघांत सांगत फिरू नये. मी फिरलो. लग्नात, बारशात, नाक्यावर. कबुलीला गेलो तेव्हा फादर म्हणाले, "कोर्टात सांगितलंस ते बरोबर. नाक्यावर कशाला?" आणि आज परत इथे लिहितोय.

तरी भावा, वाचत असशील तर एवढंच: त्या सहाव्या पायरीवर अंगठा तुझा फुटला होता.