फुकटचे डायमंड आणि अकरा दिवसांची चुप्पी

“ताई, पोरगा सारखा गेममधल्या फुकट बक्षिसांचे कोड शोधत असतो. मोबाईल काढूनच घेऊ का?” हा प्रश्न मला हमखास विचारला जातो आणि दर वेळी आठवीतला एक मुलगा आठवतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

आई त्याला घेऊन आली ती वेगळ्याच काळजीने. धड जेवत नाही, रात्री दचकून उठतो, मोबाईलला हातही लावत नाही. यातल्या शेवटच्या गोष्टीचं तिला बरंच वाटत होतं. मला नाही वाटलं. गेमवेडं पोर आपणहून मोबाईल बाजूला ठेवतं, तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं.

दुसऱ्या भेटीत आईला बाहेर बसवलं आणि ‘मला तुझा तो फ्री फायर मॅक्स गेम शिकव’ म्हटलं. डायमंड म्हणजे गेममधले पैसे, बंडल म्हणजे कपड्यांचा संच, स्किन म्हणजे पात्राचं रूप, हे सांगता सांगता तो अडखळला. “माझ्याकडे साधीच स्किन होती, मॅडम. सगळे नूब म्हणायचे, म्हणजे कच्चा खेळाडू.” मग एका व्हिडिओखालच्या लिंकवरून त्याने ‘अनलिमिटेड डायमंड’वालं ॲप बाबांच्या मोबाईलवर घेतलं. पडताळणीचा एक रुपया म्हणून बाबांच्या एटीएम कार्डाचा नंबर भरला, एसएमएस वाचायची परवानगी दिली. ओटीपी त्याने कुणालाच सांगितला नव्हता, ॲपने तो परस्पर वाचला. चार हजार गेले. बँकेचा मेसेज त्याने पुसला. ॲप तसंच राहिलं. बाबा रिक्षा चालवतात, पासबुक महिन्याने भरतात. अकरा दिवस तो गप्प होता आणि तेवढ्यात आणखी दोनदा पैसे गेले.

खरा कोड बारा किंवा सोळा अक्षर-आकड्यांचा असतो, कंपनीच्या स्वतःच्या रिडीम पानावरच (कोड वटवायच्या वेबपानावर) चालतो, गेस्ट म्हणजे लॉगिन न करता उघडलेल्या खात्यावर चालत नाही, आणि लवकर संपतो. त्याला ना वेगळं ॲप लागतं, ना कार्ड, ना ओटीपी. हे त्या मुलाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं! अडलं होतं ते घरी सांगायचं.

बाबांना बोलावलं. कार्ड बंद केलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ॲप काढलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चूक ग्राहकाची असली, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी तो बोलला असता, तर पुढचे दोन फटके या घराला बसलेच नसते.

“मला का नाही सांगितलंस?” बाबांनी विचारलं.

“मागच्या वेळी तुम्ही मोबाईल आपटला होता.”

म्हणून ‘मोबाईल काढून घेऊ का’ विचारणाऱ्या प्रत्येक आईला मी म्हणते, मोबाईल आत्ता काढू नका. आज रात्री जेवताना एवढंच सांगा, ‘लिंकवर बोट पडलं, पैसे गेले, तर आधी मला उठव. रात्री दोन वाजता असलं तरी.’ वेळेची मर्यादा, बाहेरून ॲप घेणं बंद, हे नियम दुसऱ्या दिवशी ठरवा. आणि एटीएम कार्ड कपाटात कुलपात ठेवा, ते मात्र आजच.